खरेदीखत रद्द करविण्याचा दावा व तीन वर्षांची मुदत

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंशीं जमिनीच्या तंट्यांविषयीं बोलतांना एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस येते. कोणी फसवून खरेदीखत करून घेतलें असें कळतांच शेतकरी प्रथम तलाठ्याकडे धांव घेतो. फेरफारास हरकत देतो. ती मंडळ अधिकाऱ्यानें फेटाळली कीं उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करतो, आणि तेथें हरला तर आणखी वर जातो. दर्यापूर-अकोटच्या खेपा घालण्यांत कपाशीचे दोन-तीन हंगाम सहज निघून जातात. सात-बाऱ्यावर नांव टिकलें म्हणजे शेत टिकलें, असा त्याचा भरंवसा असतो. हा भरंवसा खोटा आहे.

वऱ्हाडांत एके काळीं १९२८ चा स्वतंत्र महसूल कायदा होता. आतां १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता चालते. तिच्याप्रमाणें हक्कनोंदीतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेंच. नोंदीनें मालकी निर्माण होत नाहीं व नोंद खोडल्यानें खरेदीखत मरत नाहीं. खरें-खोटें ठरवून नोंदणीकृत खत रद्द करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा आहे, व तो १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३१ मध्यें सांगितला आहे.

आतां मुदतीचें पाहूं. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणें, खत रद्द करण्यास कारण होणारी हकीकत वादीस प्रथम कळली त्या दिवसापासून तीन वर्षांच्या आंत दावा दाखल झाला पाहिजे. फेरफाराच्या अपिलांत गेलेला काळ त्यांतून सहसा वजा मिळत नाहीं. उलट, तलाठ्याकडे दिलेला हरकतीचा अर्जच प्रतिवादी न्यायालयापुढें ठेवतो आणि म्हणतो, ‘‘पाहा, त्या तारखेस वादीस सर्व ठाऊक होतें!’’ शेत वांचविण्यासाठीं केलेली सहीच अशा रीतीनें शेतकऱ्याच्या मुळावर येते. हरकत अवश्य द्यावी. परंतु त्याच आठवड्यांत वकिलाकडेही जावें.

दावा कोणी कसा मांडावा, यांतही भेद आहे. ज्यानें स्वतः खतावर सही केली त्यानें तें रद्द करून मागितलें पाहिजे. ज्याची सही नाहीं, उदाहरणार्थ भावानें परस्पर सर्व शेत विकल्यामुळें जिचा हिस्सा बुडाला ती बहीण, तिनें खत आपल्या हिश्श्यावर बंधनकारक नाहीं असें जाहीर करून मागावें. सर्वोच्च न्यायालयानें २०१० मध्यें हा भेद स्पष्ट केला आहे. शेताचा ताबा दुसऱ्याकडे गेला असेल तर ताबाही त्याच दाव्यांत मागावा. नुसत्या जाहिरनाम्याचा दावा त्या एका उणिवेवर फेटाळला जाऊं शकतो. मिळकतीच्या कांहीं तंट्यांत स्त्रियांस कोर्ट-फी माफ आहे. ही सवलत १९९४ पासून असूनही कित्येक घरीं ती ठाऊक नसते, याचें आम्हांस नवल वाटतें.

फसवणूक झाली एवढेंच मोघम लिहून भागत नाहीं. कोणी, केव्हां, काय सांगून सही घेतली याचा तपशील फिर्यादींत हवा. कर्जापोटीं ‘नाममात्र’ खरेदीखत करून देण्याची जुनी खोड तर फारच घातक. परत विक्रीची अट त्याच खतांत लिहिलेली नसेल, तर १९२९ च्या दुरुस्तीपासून तो व्यवहार गहाण ठरत नाहीं. खत केवळ दाखविण्यापुरतें होतें, हें तोंडी पुराव्यानें सिद्ध करतां येतें असें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ मध्यें ठरविलें खरें. पण असा पुरावा उभा करणें सोपें नव्हे. सावकारी अवैध असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखालीं सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करतां येतो. चौकशीअंतीं तो खत अवैध ठरवून जमीन परत देवूं शकतो.

दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज द्यावा, नाहीं तर निकालापूर्वींच शेत तिसऱ्याच्या हातीं जातें. हुकूमनामा झाल्यावर न्यायालय त्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवितें व तो आपल्या पुस्तकांतील खताच्या नकलेवर तें रद्द झाल्याची टीप करतो. मग हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडे जावें. फेरफाराची खरी वेळ ती.