नातोलिनचे विद्यार्थिजीवन

युरोपविषयक अध्ययनासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीने परवा माझ्या नातोलिनमधील दिनक्रमाविषयी पृच्छा केली, म्हणून हा मजकूर.

बेल्जियममधील ब्रुज येथे १९४९ साली स्थापन झालेल्या ‘कॉलेज ऑफ युरोप’ची जी शाखा १९९२ पासून वॉर्साच्या दक्षिण सीमेवर, नातोलिनच्या जुन्या राजवाड्याभोवतीच्या उपवनात नांदते आहे, तेथे कायदा, अर्थकारण, इतिहास आणि राज्यशास्त्र यांचे अध्ययन एकत्रच चालते.

विद्यार्थी नाना देशांचे, परंतु मुक्काम सर्वांचा आवारातच. त्यामुळे वर्गात फ्रेंचमधून अर्धवट राहिलेला वाद भोजनगृहात इंग्रजीतून पुरा होई, आणि खरे शिक्षण, माझ्या मते, तेथेच घडे.

कॉलेजच्या प्रत्येक तुकडीला थोर व्यक्तीचे नाव देण्याचा रिवाज आहे. १९५०-५१ ची तुकडी सँत-एक्झ्युपेरी या लेखक-वैमानिकाच्या नावे दफ्तरी नोंदलेली आहे.

फ्रेंच कच्चे असेल, तर अर्जापूर्वीच ते पक्के करावे. इतर शंका खुशाल विचाराव्यात.