पेटीतलं परदेशी नाणं कसं ओळखायचं?

सणाच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी खाली येते आणि तळाशी एखादं अनोळखी नाणं निघतं. गटाच्या बैठकीत आम्हाला विचारलं जातं, "ताई, चांदीचं आहे का हो?" आज अशाच एका नाण्याची ओळख करून घेऊ. हे आहे इटलीचं एक लिराचं नाणं.

इटलीचं नाणं आपल्याकडं कसं? दुसऱ्या महायुद्धात आपल्या गावांतली कितीतरी माणसं फौजेत होती. १९४३ ते १९४५ या काळात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्याच लढायांत. घाडगे तर तिथंच धारातीर्थी पडले. परतलेल्या जवानांच्या सामानात तिथली चिल्लर येणं साहजिक होतं.

आता नाणं हातात घ्या. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. गरुडामागं काठ्यांची मोळी आणि तिच्यात कुऱ्हाड. ही मुसोलिनीच्या राजवटीची खूण. 'इटालिया' हे अक्षर मुलांकडून वाचून घ्या. सालाजवळ एक्स, व्ही, आय अशी अक्षरं असतात. एक्स म्हणजे दहा, व्ही पाच, आय एक. १९४० सालाशेजारी अठरा असेल, तर ते मुसोलिनीच्या सत्तेचं अठरावं वर्ष; मोजणी १९२२ पासूनची.

नाणं चांदीसारखं चमकतं, पण आहे पोलादाचं. लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर चांदी नाही. पण चिकटलं नाही म्हणून चांदीच, असंही समजू नका. १९३९-४० ची काही पोलादी नाणीही चिकटत नाहीत. राख-चिंचेनं घासू नका, अक्षरं झिजतात.

ही नाणी प्रचंड संख्येनं पाडली गेली, त्यामुळं लाखांची आशा नको. "जुनं नाणं द्या, लाखो घ्या, आधी फी भरा," असा फोन आला तर पैसे भरू नका. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी फीही घेत नाही, असं बँकेनं स्वतः २०२१ मध्ये जाहीर केलंय.

मग नाण्याचा उपयोग काय? ते सांगतं, की या पेटीत फौजेतल्या माणसाचं सामान असावं. म्हणून पेटी रिकामी करण्याआधी तळाचा कागदन् कागद बघा. डिस्चार्जचं पुस्तक, पलटणीचं नाव, शिपाई नंबर, पदक, काहीही रद्दीत घालू नका. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं. घरात अशी आजी असेल आणि तिला ही मदत मिळत नसेल, तर कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथं नाणं चालत नाही, कागद चालतो.

नाणं मात्र कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. सोबत चिठ्ठीवर आजोबांचं नाव आणि पलटण लिहा. आजीला आठवतंय तोवरच हे विचारून घ्या.