विश्लेषण : कामाचा दौरा, तलावाची थाळी आणि पवनीचा स्तूप… दिघोरीत संध्याकाळ कशी घालवावी?

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) हे काही पर्यटकांच्या यादीतले गाव नाही. येथे बाहेरून येतात ते कामानिमित्त. बँकेचे अधिकारी, पीक विम्याचे सर्वेक्षक, धान खरेदीची तपासणी करणारे कर्मचारी, औषध आणि बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी, निवडणुकीच्या कामावरील पथके. काम उरकले की बहुतेकांची गाडी साकोलीकडे वळते आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या ढाब्यावर पनीर मागवले जाते. वास्तविक, ज्या भागात ते दिवसभर फिरले, तेथील जेवण आणि इतिहास हाताच्या अंतरावर असतो.

येथील थाळी वेगळी कशी?

हा झाडीपट्टीचा, म्हणजे धानाचा मुलूख. येथे पोळी-भाकरीपेक्षा भात महत्त्वाचा. त्यातही चिन्नोर हा बारीक, सुवासिक तांदूळ भंडाऱ्याची ओळख असून त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचे उत्पादन संकरित वाणांच्या तुलनेत कमी, म्हणून शेतकरी तो थोड्याच बांधीत लावतात. तलाव आणि नदीतले झिंगे, मरळ, वाम हे मासे, हिवाळ्यात शिंगाडे, धान निघण्याआधीच ओल्या बांधीत फेकून पेरलेली लाखोळी आणि उन्हाळ्यात वेचलेली मोहफुले यांतून येथील स्वयंपाकाचे वर्ष ठरते. सकाळच्या टपरीवर तर्री-पोहे आणि आलूबोंडा साऱ्या पूर्व विदर्भाप्रमाणेच मिळतो. त्यावरची लाल तर्री भिवापुरी मिरचीची असेल तर बाहेरच्या माणसाने जपूनच घ्यावी.

जेवणाचा आणि इतिहासाचा संबंध काय?

या थाळीतील निम्म्या गोष्टी तलावातून येतात आणि तलाव हाच येथील सर्वात मोठा ऐतिहासिक ठेवा आहे. गोंड राजवटीत तलाव खोदणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याची पद्धत होती, असे परंपरा सांगते. पाण्याचा उतार ओळखण्यात वाकबगार असलेल्या कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत तलावांची साखळीच उभी केली. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो, अशी त्यांची रचना. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे मानले जाते. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले, म्हणून त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे.

मग अडचण कुठे आहे?

मालगुजारी १९५०च्या कायद्याने संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे ही पूर्वी गावाने मिळून करायची कामे निधी आणि मंजुरीवर अवलंबून राहिली. अनेक तलाव उथळ झाले, काठावर बेशरमीची झुडपे माजली. रोहू-कतला यांच्या बीजामुळे उत्पन्न मिळाले, पण पाणवनस्पतींवर वाढणारे स्थानिक मासे मागे पडले. त्याचा फटका ढिवर समाजाच्या कुटुंबांना अधिक बसला. लाखांदूरला लागून असलेल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर महिलांनी तलावात पुन्हा देशी पाणवनस्पती लावून स्थानिक मासे परत आणण्याचे काम केले आहे. मरळ किंवा झिंगे मागवणारा गिऱ्हाईक त्यामुळे केवळ चव घेत नाही, तर या माशांची मागणीही टिकवतो. महामार्गावरच्या पनीरमधून हे घडत नाही.

पाहण्यासारखे काय आहे?

सर्वात जवळचा पर्याय म्हणजे साकोली तालुक्यातील सानगडी. तेथील सहानगड किल्ल्याचे अवशेष दिवस मावळण्यापूर्वी पाहून होतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हा किल्ल्याबरोबरच महाशिवरात्रीची यात्रा आणि दर्गा यांसाठी ओळखला जातो.

अर्धा दिवस हाताशी असेल तर वैनगंगा ओलांडून पवनी गाठावी. या गावाभोवती मातीचा तट आणि खंदक आहे. येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि नागपूर विद्यापीठ यांनी शां. भा. देव व जगतपती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. त्यातून मोठा बौद्ध स्तूप, कोरीव कठडे आणि दान देणाऱ्यांची नावे असलेले ब्राह्मी लेख उजेडात आले. रुपिअम्म या महाक्षत्रप कुमाराचा स्तंभलेखही पवनीचाच. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव दूरच्या राजवटींशी आणि व्यापाराशी जोडलेले होते. मात्र उत्खननातील बऱ्याच वस्तू नागपूरला असल्याने टेकडीवर पोहोचल्यावर फार काही दिसत नाही. थोडे वाचून गेले तरच समोरच्या मातीचा अर्थ लागतो.

कामाच्या वेळापत्रकात हे कसे बसवावे?

दिघोरीसारख्या गावात खाद्यपदार्थांची यादी समोर ठेवणारी हॉटेले नसतात. आदल्या दिवशी खानावळीला किंवा महिला बचत गटाला सांगून ठेवले, तर घरच्या पद्धतीचे जेवण मिळू शकते. मासे हवे असतील तर सकाळीच विचारावे, कारण जाळे तेव्हाच निघते. आठवडी बाजाराच्या दिवशी मुक्काम आला तर चिन्नोर किंवा शिंगाडे थेट विकणाऱ्याकडून घेता येतात.

सरकारी कर्मचाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सरकारी वाहन खासगी फेरफटक्यासाठी वापरता येत नाही आणि सुट्टी जोडून घ्यायची असेल तर मुख्यालय सोडण्याची परवानगी आधी घ्यावी लागते. तपासणीसाठी आलेल्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. ज्यांची तपासणी करायची, त्यांच्याच घरचा पाहुणचार टाळावा आणि जेवणाचे पैसे स्वतः द्यावेत. गावात आग्रह होतो आणि नाही म्हणणे जड जाते, पण बाहेर पैसे देऊन जेवले की हा संकोच उरत नाही.

हंगाम कोणता?

दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ सर्वात चांगला. नवा तांदूळ आलेला असतो, शिंगाडे बाजारात असतात आणि वडसा परिसरातून निघणाऱ्या झाडीपट्टी नाटकांचे प्रयोग गावोगावी रात्रभर रंगतात. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असल्याने फिरणे सकाळीच उरकावे. पावसाळ्यात चुलबंद आणि वैनगंगेला पूर आला की रस्ते बंद पडतात. त्या दिवसांत परतीची वेळ आधीच ठरवून ठेवणे बरे.