डेंग्यूचे निवारण आणि साठवणीचे पाणी : हर्णे बंदराच्या संदर्भात

डास घाणीतच निपजतात हा समज डेंग्यूच्या बाबतीत दिशाभूल करणारा आहे. या रोगाचा प्रमुख वाहक एडीस इजिप्ती हा डास मुख्यतः घरालगतच्या साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. बँक्रॉफ्ट यांनी १९०६ सालीच त्याच्याकडे अंगुलिनिर्देश केला होता.

हर्णे हे रत्नागिरी जिल्ह्यातील मासेमारीचे बंदर. समुद्राचे खारे पाणी या डासास मानवत नाही. परंतु घरोघरची पिंपे व हौद, तसेच पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांत व जुन्या टायरांत साचणारे पाणी त्यास पुरेसे होते. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात; आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यामागील तत्त्व हेच होय.

मात्र केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटतात, कोरड्या स्थितीत कित्येक महिने तग धरतात व पुन्हा पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. धूरफवारणीने उडते डास मरतात, अंडी नव्हे. म्हणून भांडी घासणे अपरिहार्य ठरते.

डेंग्यूच्या विषाणूवर खात्रीचे औषध नाही. अशा स्थितीत एका घरातील न घासलेले पिंप साऱ्या वाडीस भोवू शकते, ही जाणीव हाच लोकशिक्षणाचा गाभा असला पाहिजे.