वरवरच्या तुकड्यात न दिसणारा कर्करोग

अमरावती-अकोला भागात खर्रा गालात धरून ठेवण्याची सवय सर्रास आढळते. अशा गालात कधी फुलकोबीसारखा पांढरट, जाड चट्टा वाढू लागतो. त्याचा वरवरचा तुकडा तपासणीस जातो, ‘कर्करोग नाही’ असा अहवाल येतो आणि रुग्ण निश्चिंत होतो. चट्टा मात्र वाढतच राहतो.

व्हेरुकस कार्सिनोमा या विरळ प्रकाराचे वर्णन अमेरिकेतील डॉ. लॉरेन अ‍ॅकरमन यांनी १९४८ साली केले. नेहमीच्या कर्करोगात पेशी वेड्यावाकड्या होऊन खालच्या थरात घुसतात. येथे त्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ निरोगी भासतात. रुंद, बोथट टोकांनी खालचा थर रेटत जाणे हीच मुख्य खूण, आणि ती तळाशी असते. म्हणून तुकडा पुरेसा खोल व कडेच्या निरोगी भागासह घ्यावा लागतो. वरवरच्या तुकड्यावरून निदान मागणे म्हणजे बोंड पाहून कपाशीच्या मुळाचा रोग विचारणे होय.

हा कर्करोग सावकाश वाढतो, मानेतील गाठींत क्वचितच पसरतो. वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास रुग्ण बहुधा बरा होतो. परंतु काही वेळा त्यातच नेहमीचा आक्रमक कर्करोग दडलेला असतो, यास्तव शस्त्रक्रियेत काढलेला संपूर्ण भाग पुन्हा तपासला जातो.

अहवाल निर्धोक येऊनही चट्टा वाढत असल्यास रुग्णाने जुना अहवाल व काचपट्ट्या घेऊन पुन्हा तपासणीस जावे. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.