गळाला लावा घरचेच आमिष



गळीत हंगाम आटोपला. लागणी, खोडव्याची पाण्याची पाळी सोडली तर हाताला जरा उसंत आहे. अशा दिवसांत आपल्याकडची तरणी पोरं आणि काही जुनीजाणती मंडळीही गळ घेऊन नदीकाठ, नाही तर शेततळे गाठतात. हल्ली कुणी कुणी शहरातून वासाच्या तयार पुड्याही आणतात. आम्ही म्हणतो, कशाला पैसा घालवायचा? माशाला जे हवे ते आपल्या डब्यात आणि गोठ्यात पडलेले आहे. फक्त कुठल्या माशाला काय लागतं, ते ठाऊक पाहिजे.

आधी मासा ओळखा

कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, तर मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. सायप्रिनस मूळचा परदेशी. त्याची एक जात १९५७ साली बँकॉकहून भारतात आणली गेली. आता तो आपल्या तलावांत घरच्यासारखा झाला आहे. या कार्प जातीच्या माशांना जबड्यात दात नसतात, दात असतात ते घशात. म्हणून मासा आमिष आधी तोंडात ओढून घेतो आणि पसंत पडले नाही तर थुंकून टाकतो. त्याच्यासाठी आमिष मऊ व गोडसर हवे आणि गळ लहान हवा.

शिंगटा, मागूर, शिवडा यांची तऱ्हा निराळी. अंगावर खवले नाहीत, तोंडाला मिशा. या मिशांना, इतकेच नव्हे तर कातडीलाही चव कळते. त्यामुळे गढूळ पाण्यात आणि रात्रीच्या काळोखातही त्यांना अन्न बरोबर सापडते. त्यांना गोड नको, उग्र वास हवा.

कार्पसाठी कणकेचा गोळा

दोन वाट्या कणीक, एक वाटी बारीक कुटलेली शेंगदाणा पेंड, एक वाटी भाताचा किंवा गव्हाचा कोंडा आणि लिंबाएवढा गूळ. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून त्याच पाण्यात सगळे घट्ट मळावे. काकवी असेल तर गुळाऐवजी दोन चमचे काकवी चालेल. (मळी मागायला मात्र कारखान्यावर येऊ नये, तिच्यावर सरकारी नियंत्रण आहे!) गोळा ओल्या फडक्यात तासभर झाकून ठेवावा. पाण्यात लगेच सुटत असेल तर चिमूटभर कापूस पिंजून त्यात मळावा. पारख सोपी आहे. बोराएवढी गोळी बादलीत टाकून पाहा. दहा-पंधरा मिनिटे ती फुटू नये, पण वरून मऊ पडत जावी.

मक्याचे दाणेही चांगले. रात्रभर भिजत घालून सकाळी दाणा बोटाने दबेल इतके शिजवावेत. कोरडा दाणा गळावर नीट बसत नाही.

मृगळ, सायप्रिनससाठी आमिष तळाला टेकू द्यावे. रोहूसाठी दोऱ्याला ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा तुकडा बांधून आमिष अधांतरी ठेवावे. वेळ सकाळची नाही तर दिवस कलल्यावरची.

शिंगट्या-मागुरासाठी

शेणखताच्या कडेचे गांडूळ पहिल्या नंबरचे. ते न मिळाले तर कोंबडीचे आतडे आणावे. अर्धा तास उन्हात धरले म्हणजे चिवट होते आणि गळावरून निसटत नाही. काळीज घेतले तर दोऱ्याने बांधावे. सुकट कुटून कणकेत मळली तरी काम होते. बैठक तिन्हीसांजेनंतरची. मासा सोडवताना फडके हाताशी ठेवा. शिंगट्याच्या काट्याचा ठणका ज्याने सोसला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

मूठभरच टाका

जागेवर मासे जमावेत म्हणून पेंड-कोंड्याचा चारा टाकतात. तो मूठभर पुरे. जास्त टाकला तर तळाशी कुजतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडून धापा टाकतात. आम्ही स्पष्टच बोलतो, हा नियम सभासदाच्या मूठभर चाऱ्याला आहे तसाच कारखान्याच्या सांडपाण्यालाही आहे. गोड पाणी ओढ्यात सुटले तर तेही माशांचा श्वास कोंडते. सभासदांनी दोन्हींवर लक्ष ठेवावे.

विष म्हणजे आमिष नव्हे

सगळ्यांत महत्त्वाचे आता सांगतो. फवारणीचे औषध डोहात ओतून किंवा सुरुंगाची दारू उडवून मासे मारणारे अजूनही भेटतात. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून दोन्ही गोष्टी गुन्हा आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. त्याच डोहावर आपली जनावरे पाणी पितात, तेच पाणी मोटारीने आपल्या उसाला जाते आणि औषधाने मेलेला मासा कुणाच्या तरी ताटात पडतो. एका पाटीभर माशांसाठी पोटातली अंडी आणि बोटाएवढी पिल्ले सगळी संपतात. पुढच्या वर्षी त्या डोहात गळ टाकून बसायचे कशासाठी?

तसेच, आफ्रिकन मागूर शेततळ्यात कुणी पाळू नये. केंद्राने २००० साली त्यावर बंदी घातली आहे. तो इतर माशांना खाऊन संपवतो. चुकून गळाला लागलाच तर पुन्हा पाण्यात सोडू नका. आणि पहिल्या पावसात चढणीला निघालेली, पोट भरलेली मादी जाऊ द्या. ती आपले पुढचे बियाणे आहे.

विचारून बसा

बऱ्याच धरणांची आणि तलावांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. त्यांनी पैसे भरून तिथे बीज सोडलेले असते. आपल्या फडातला ऊस कुणी न विचारता मोडून नेला तर आपल्याला कसे वाटेल? तेही आपल्यासारखेच सभासद आहेत. संस्थेला विचारावे, पावती असेल तर ती फाडावी, मग निवांत बसावे.

आपापल्या गावात याहून वेगळे घरगुती आमिष वापरात असेल, तर सभासदांनी ते चार ओळींत लिहून आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात द्यावे. पुढील अंकात अवश्य छापू.