लांबच्या प्रवासासाठी गाडी कशी सजवावी?

मोटारगाडी विकत घेताना आपण ती पाहतो दुकानाच्या काचेआड, उभी असताना. साहजिकच डोळ्यांत भरतात ती मोठी चमकदार चाके, काळेभोर कातडी आसन आणि वरचे काचेचे छत. यांतल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो तो पुढे, रस्त्यावर, तीनशे-चारशे किलोमीटर झाल्यावर. पाठ बोलू लागते, डोळे जड होतात आणि पेट्रोलपंपावर खिसा हलका होतो. आज आपण ज्या गाड्यांचा विचार करणार आहोत त्या ‘स्पोर्टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महागड्या सेडान. बीएमडब्ल्यूची ३ सिरीज हे त्यांचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. अशी गाडी लांबच्या प्रवासाला आरामशीर आणि काटकसरीची करता येते का? येते. पण त्यातले निम्मे काम गाडीची मागणी नोंदवतानाच करावे लागते.

माझी एक भाची ठाण्याला राहते. तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मेहुण्यांची प्रकृती अलीकडे बरी नसते. ते नागपूरला असतात. महिन्यातून दोनदा ती समृद्धी महामार्गाने जाते-येते. नवी गाडी घेताना तिने निवडलेल्या गोष्टींची यादी माझ्यापुढे ठेवली, कारण माझा सारा जन्म यंत्रांच्या सहवासात गेला आहे. यादीत होती १९ इंची चाके, कडक ‘स्पोर्ट’ सस्पेन्शन, काचेचे छत आणि काळे आसन. दर पंधरवड्याला चौदाशे किलोमीटर, सोबत कधी आईवडील, कधी मुले. या कामासाठी मी ती यादी वाचली आणि एकेका ओळीवर तिच्याशी बोललो. तेच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात चाकांपासून करू. टायरच्या कडेवर आकडे असतात, उदाहरणार्थ २२५/५० आर १७. यातले २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये. ५० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या पन्नास टक्के. १७ हा आतल्या रिमचा व्यास, इंचांत. आता गणित करा. या टायरची भिंत झाली सुमारे ११२ मिलीमीटर. २२५/४० आर १९ या टायरची भिंत भरते फक्त ९० मिलीमीटर. बाहेरून दोन्ही चाकांची उंची जवळजवळ सारखीच. फरक एवढाच की मोठ्या रिममध्ये धातू जास्त आणि हवेची गादी कमी. रस्त्याचा सांधा, खड्डा, गतिरोधक यांचा पहिला धक्का ही गादी सोसते. ती बावीस मिलीमीटरने कमी झाली की तेवढा धक्का रिमला आणि आपल्या मणक्याला. शिवाय मोठे रिम सहसा जड असते आणि खड्ड्यात वाकण्याची भीती अधिक. म्हणून मिळत असेल त्यातले लहान चाक निवडावे. १७ इंची मिळत असेल तर १९ इंचीचा मोह टाळावा.

‘रन-फ्लॅट’ नावाचा टायरचा एक प्रकार आहे. हवा पूर्ण गेली तरी तो ताशी ८० किलोमीटरच्या आत, साधारण ८० किलोमीटर अंतर नेतो. रात्री निर्जन रस्त्यावर हा मोठा दिलासा आहे. त्याची किंमत अशी की त्याच्या भिंती मुद्दाम कडक केलेल्या असतात, म्हणून गाडी थोडी आपटते. अशा टायरबरोबर लहान चाक निवडणे तर अधिकच गरजेचे. आणि जादा चाक, म्हणजे आपली स्टेपनी, गाडीत आहे की नाही हे मागणी नोंदवण्यापूर्वी डिकी उघडून पाहावे.

दुसरी गोष्ट सस्पेन्शनची. ‘स्पोर्ट’ प्रकारात स्प्रिंगा कडक असतात आणि गाडी साधारण दहा मिलीमीटरने खाली बसते. वळणावर ती छान चिकटून जाते, पण आपल्या गतिरोधकांवर पोट घासते. साधे सस्पेन्शन मिळाले तर ते घ्यावे. रस्त्याप्रमाणे मऊ-कडक होणारे शॉक-अब्सॉर्बर मिळाले आणि परवडले, तर पैसे तिथे खर्च करावेत. २०२१ साली भारतात ३ सिरीजची लांब आवृत्ती आली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर नेहमीच्या गाडीपेक्षा ११० मिलीमीटरने जास्त आहे. अशा लांब बैठकीच्या गाडीचे डोलणे कमी होते आणि मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना पाय पसरायला जागा मिळते.

“मामा, मग हिच्यात स्पोर्टी काय उरलं?” असे भाचीने विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की गाडीचा खरा चपळपणा चाकांच्या चकाकीत नसतो. पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ समान वाटलेले वजन, अचूक स्टिअरिंग, भक्कम ब्रेक आणि गरजेला हाताशी असलेली ताकद, हे सारे १७ इंची चाकांवरही तसेच राहते.

याचा उत्तम दाखला खुद्द कारखान्यानेच दिला होता. २००९ साली बीएमडब्ल्यूने ३२०डी गाडीची ‘एफिशिएंट डायनॅमिक्स’ नावाची आवृत्ती काढली. डिझेल इंजिन १६३ अश्वशक्तीचे. अभियंत्यांनी चाके १६ इंची ठेवली, ती हवेला कमी अडवतील अशी घडवली, गाडी थोडी खाली घेतली आणि गिअरचे प्रमाण लांब केले, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी. कमी फेऱ्यांवर डिझेल इंजिन घरघरते, म्हणून फ्लायव्हीलमध्ये लंबकाची योजना करून ती थरथर शोषून घेतली. युरोपीय चाचणीत या गाडीला शंभर किलोमीटरला ४.१ लिटर डिझेल लागले, म्हणजे लिटरला चोवीस किलोमीटरहून अधिक. तेव्हाची चाचणी सौम्य होती, रस्त्यावर आकडा कमीच भरणार. तरीही धडा स्पष्ट आहे. यातली गाडी खाली घेण्याची युक्ती मात्र आपल्या रस्त्यांसाठी सोडून द्यावी.

डिझेल की पेट्रोल? महिन्याला हजारो किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर होत असतील तर डिझेल अजूनही काटकसरीचे. धुरातली काजळी अडवणारी गाळणी लांब धावेत तापून स्वतःला स्वच्छ करते, जे शहरातल्या खुरडत्या प्रवासात नीट होत नाही. पेट्रोल घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के इथेनॉल मिसळले की लिटरची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, आणि तेवढे अंतर कमी पडणे स्वाभाविक आहे. गिअर स्वयंचलित, आठ पायऱ्यांचा असावा. वरच्या पायऱ्यांवर इंजिन निवांत फिरते आणि कानालाही विश्रांती मिळते.

आता आसन. मांडीखालचा भाग पुढे ओढता येईल आणि कंबरेचा आधार कमी-जास्त करता येईल असे आसन मिळाले, तर त्यासाठी दुसरे काही सोडावे लागले तरी चालेल. काळे कातडे आणि काचेचे छत विदर्भाच्या उन्हात शिक्षा ठरतात. पारा पंचेचाळिसावर गेलेला असतो आणि वातानुकूलन यंत्राला डोक्यावरच्या काचेशी झुंजावे लागते, तेही इंजिनाच्या इंधनावर. फिका रंग, फिके आसन आणि पत्र्याचे छत हेच शहाणपणाचे.

गाडी घरी आली की उरलेली निम्मी तयारी आपल्या हाती. सर्वांत महत्त्वाची हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. प्रवासाआधी, टायर थंड असताना, योग्य आकड्याइतकी हवा भरावी. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याची पद्धत आहे. ती धोक्याची आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि ताशी १२० च्या वेगात तासभर तापत राहिली की फाटते. समृद्धीवर टायर फुटले की दोष काँक्रीटला दिला जातो. पण वेग, कमी हवा, जादा ओझे आणि जुना टायर ही चौकडी जमली की रस्ता कोणताही असो, परिणाम तोच. वाटेत टायर गरम होऊन दाब वाढलेला दिसला तर हवा सोडू नये. ती वाढ धरूनच पट्टीवरचा आकडा दिलेला असतो. नायट्रोजनचा फार बाऊ करू नये, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायरचे वय पाहायचे असेल तर कडेवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

मग वेग. समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे हा ७०१ किलोमीटरचा मार्ग सलग झाला. मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. सलग १२० ने गेलात तर पाच तास पन्नास मिनिटे, १०० ने सात तास. वाचतात सत्तर मिनिटे. हवेचा अडथळा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० वर गेल्यास तो ४४ टक्क्यांनी वाढतो. टायरचा अडथळा फारसा वाढत नाही, त्यामुळे एकूण इंधन साधारण पाव हिस्सा जास्त लागते. ११० चा वेग धरला तर सहा तास बावीस मिनिटे लागतात. मी भाचीला हाच मध्यम मार्ग सांगितला.

गाडीत ‘इको’, ‘कम्फर्ट’, ‘स्पोर्ट’ अशी बटणे असतात. सपाट महामार्गावर ‘इको’ उत्तम. पाय उचलला की काही गाड्यांत इंजिन चाकांपासून सुटते आणि गाडी वाहत राहते. घाटाच्या उतारावर मात्र हे नको. तिथे खालचा गिअर धरून इंजिनाचाच ब्रेक वापरावा. त्या वेळी इंधन पूर्ण बंद होते आणि ब्रेकही तापत नाहीत.

शेवटचा मुद्दा चालकाचा. गाडी जितकी शांत आणि रस्ता जितका सरळ, तितकी डुलकी लवकर येते. ताशी १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नसते. वेग धरून ठेवणारी क्रूझ कंट्रोलची यंत्रणा पायाला आराम देते, पण डोळ्यांची जागा घेत नाही. काचा बंद करून आतलीच हवा फिरवत ठेवली तर चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सुस्ती येते, म्हणून अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. दर दोन तासांनी थांबावे, उतरावे, चार पावले चालावे. ११० ने जाऊन वाचवलेले इंधन आणि थांबून घालवलेली पंधरा मिनिटे, या दोन्हींचा जमाखर्च मांडला तर प्रवासी नफ्यातच राहतो. कारण पलीकडे कोणीतरी वाट पाहत असते, आणि त्या माणसाला आपण किती वाजता पोहोचलो यापेक्षा पोहोचलो हे महत्त्वाचे असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)